सात रस्त्यावरची डबलसीट

आमच्या सोलापुरात सायकलला कायदा लागू नव्हता असं नाही. कायदा होता, तो पाळणारं कोणी नव्हतं. मी सांगते आहे ते सत्तरच्या दशकातलं. गिरणीचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा असा लोंढा बाहेर पडायचा की एसटीचा ड्रायव्हर गाडी बंद करून खुशाल तंबाखू मळत बसायचा. हॉर्न वाजवून उपयोग नसे, कारण निम्म्या सायकलवाल्यांना तो ऐकूच जायचा नाही. माग खात्यात शेकडो माग एकदम खडखडत असतात. तिथे वीस वर्षं काढलेल्या विणकराचे कान कामातून गेलेले असायचे. ही माणसं खात्यात हातवाऱ्यांनी बोलत आणि तीच सवय घेऊन रस्त्यावर येत. तिघं तिघं शेजारी सायकली लावून, हँडल सोडून, दोन्ही हातांनी गप्पा चालायच्या. एकाने उजवा हात लांब करून 'रविवारी घरी ये' म्हटलं की मागचा ट्रकवाला, हा उजवीकडे वळणार म्हणून कचकन ब्रेक दाबायचा, आणि हा पठ्ठ्या सरळ निघून जायचा. मग ट्रकवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तोही त्याला ऐकू जायचा नाही.

माझे वडील त्यातलेच. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मूळचे वळसंगकडचे, गिरणीत विणकर. आपल्याला ऐकू येत नाही हे मात्र त्यांना अजिबात मान्य नव्हतं. "माझं कान चांगलं हायती. लोकच आताशा हळू बोलाय लागल्यात," असं ते म्हणत, आणि तेही अशा आवाजात की पलीकडच्या गल्लीतली म्हैस मान वर करायची. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. "सरा बाजूला!" एवढं ते ओरडले की चालणारे, टांगेवाले, चादरींचे गठ्ठे लादलेले हातगाडीवाले, सगळे वाट करून देत. आवाज असा दांडगा, पण बोलणं कामापुरतं. मीठ कमी आहे, पंक्चर झालंय, उद्या दुसरी पाळी आहे. लाडाचा शब्द म्हणाल तर मला एकही आठवत नाही.

डबलसीटला तेव्हा बंदी होती. हवालदाराने पकडलं की तो दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा. यावर साऱ्या गावाने मिळून एक तोड काढली होती. चौक आला की मागचा माणूस उतरायचा, चेहरा शक्य तितका निष्पाप करून चालत चौक ओलांडायचा, आणि पलीकडे पाय टेकून थांबलेल्या सायकलवर पुन्हा बसायचा. हवालदाराला हे सगळं ठाऊक असायचं. माझ्या डोळ्यांदेखत बसू नका, एवढंच त्याचं म्हणणं. मी बसले की अण्णांच्या पाठीवर दोन थापा मारायची, कारण 'बसले' म्हटलेलं ऐकू जाणार नाही. माझं वजन तेव्हा असं होतं की मी बसले काय आणि उतरले काय, सायकलला फरक पडत नसे.

एका सकाळी आम्ही असेच निघालो होतो. सात रस्त्याच्या पुढे एका शाळेत बाईंची जागा निघाली होती आणि अकराला मुलाखत होती. आधीच्या वर्षी मी दुसऱ्या एका शाळेत जाऊन आले होते. तिथे समोर पाच माणसं बघून माझी बोबडी वळली होती, स्वतःचं नावसुद्धा धड सांगता आलं नव्हतं. घरी आल्यावर अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मला फार लागलं होतं. आई मात्र बोलत होती. तिने मैंदर्गीचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं, किराणा दुकान, घरची शेती. "ह्या बारीला न्हाय जमलं तर तितं हो म्हणायचं," असं तिने मला चुलीसमोर बसवून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे ही मुलाखत गेली की माझं शिक्षण मैंदर्गीला डाळ जोखायला जाणार होतं.

सात रस्ता हा चौक नावाप्रमाणे सात रस्त्यांचा. आम्ही सायकलवाले त्यातून आठवा काढत असू. मी अलीकडे उतरले, साळसूदपणे चालत निघाले. अण्णा पुढे जाऊन कडेला पाय टेकून थांबले, पाठ माझ्याकडे. माझे सगळे दाखले असलेली पिशवी त्यांच्या हँडलला लटकत होती. मी दहा पावलांवर असेन, तेवढ्यात त्यांच्या खात्यातला एक विणकर मागून सायकल हाणत आला आणि बाजूच्या रस्त्याला वळता वळता त्याने दोस्तीत अण्णांच्या पाठीवर धपाधप दोन थापा मारल्या. अण्णांनी पायडल मारलं आणि निघाले.

"अण्णा!" मी किंचाळले. सातही रस्त्यांवरची माणसं वळून बघायला लागली. ज्यांनी बघायला हवं होतं ते सोडून सगळे.

हवालदार धावत आला. चांगला मिशाळ, पोट सुटलेला गडी. "काय झालं? कुणी काय चोरलं?"

"माझे वडील मला विसरून गेले," मी रडवेली होऊन म्हणाले. "मी डबलसीट होते. तुम्हाला बघून उतरले. त्यांना ऐकू येत नाही, पिशवी त्यांच्याकडेच आहे, आणि अकराला माझी मुलाखत आहे."

गुन्ह्याचा इतका संपूर्ण कबुलीजबाब त्याला नोकरीत कधी मिळाला नसेल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे बघितलं, आणि खांबाला टेकवलेली स्वतःची सायकल ओढली. "बसा, ताई."

"डबलसीट?"

"मग काय टांगा मागवू? बसा म्हन्तो न्हवं!"

सातही रस्ते वाऱ्यावर सोडून आम्ही निघालो. हवालदार जीव तोडून पायडल मारत होता आणि घंटी बडवत होता. लोक कडेला उभे राहून हसत होते. एक चहावाला तर ओरडला, "हवालदारसाहेब, हवा कोण सोडनार?" हवालदाराने त्याला उद्या बघून घेतो म्हणून सांगितलं. निम्मा रस्ता झाला असेल नसेल, तो एकदम कुजबुजला, "उतरा, उतरा! सायबाची जीप हाय!" मी टुणकन उडी मारली आणि दुकानाच्या पाटीकडे बघत उभी राहिले. तो जीपला सलाम ठोकून शहाण्यासारखा उभा. जीप धुरळा उडवत गेली. आम्ही पुन्हा सायकलवर.

अण्णा दिसले ते एका वळणानंतर. ते कधीच घाईत सायकल चालवत नसत. आणि ते बोलत होते. मान जराशी तिरकी करून, मागच्या रिकाम्या कॅरिअरला उद्देशून, माग खात्यातल्या आवाजात. बाजूने चालणाऱ्या दोन बायका थबकून त्या कॅरिअरकडे बघत राहिल्या होत्या. मला हसू आलं. मग शब्द कानावर आले.

"...दोन दिस तुझ्यासंगं बोललो न्हाय. तुला वाटलं आसंल, आण्णा रागावला. मी रागावलो नव्हतो गं पोरी. तुला काय म्हणावं तेच मला सुचंना. येवढी शिकल्याली पोर, तिला मी अडाण्यानं काय सांगायचं?"

हवालदाराचा अंगठा घंटीवर होता. त्याने तो काढून घेतला. आम्ही तसेच मागून मागून जात राहिलो.

"आज घेतलं न्हाय तर न्हाय. मैंदर्गीवाल्यास्नी मी सांगतो, वरीसभर थांबा म्हणून. तुझ्या आईचं मी बघतो. तू निस्तं तोंड उघडून बोल. तुझा आवाज लई चांगला हाय. मला आताशा ऐकू येत न्हाय, पण तू वाचत बसलीस की तुझं तोंड हलताना मी बघत बसतो की."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हवालदार शाळेच्या जरा अलीकडे थांबला. त्यानेही बाहीने तोंड पुसलं, पण तो घाम असणार, कारण मी हलकी असले तरी रस्ता चढाचा होता. "जावा ताई," तो म्हणाला, आणि सायकल वळवून आपल्या सात रस्त्यांकडे गेला.

अण्णा फाटकाशी ब्रेक लावतात न लावतात तोच मी धावत जाऊन कॅरिअर धरलं. त्यांनी मागे बघितलं.

"उतरलीस व्हय? दम का लागलाय तुला?"

"भीती वाटतीय," मी ओठ नीट हलवून म्हणाले.

"आता येवढं सांगितलं की मी. ऐकलंस न्हवं सगळं?"

मी मान डोलावली. "पहिल्यापासून."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघायला लागले. बोलून टाकलं म्हणून लाजले होते बहुतेक.

आत मला मराठीचा एक उतारा वाचायला दिला. मी असा वाचला की मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, जरा हळू. शेजारी वर्ग चालू आहे." नोकरी लागली. मैंदर्गीच्या मुलाला दुसरी मुलगी मिळाली आणि तो सुखात आहे असं आई जन्मभर मला ऐकवत राहिली. मी त्याच शाळेतून निवृत्त झाले.

अण्णा त्यानंतर पुन्हा कधी तसं बोलले नाहीत. कामापुरतंच बोलत राहिले. मी 'पहिल्यापासून' म्हणून बसले होते, त्यामुळे मला विचारताही आलं नाही. आता ते नाहीत. सात रस्त्यापासून त्या वळणापर्यंत ते मला काय काय सांगत होते, ते मला कधीच कळलं नाही.