डबा घेऊन येणाऱ्या अक्का

“काळजी बेडा, काळजी नको गं, माझं पोट शहाणं आहे,” असं म्हणून अक्का स्वतःच्या पोटावर दोनदा थापटायच्या. घरी काहीही बिनसलेलं असलं तरी जेवण मात्र पचवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कन्नड मुलखातल्या नजरबादच्या आमच्या गल्लीत तशा अक्का होत्या. शाळेत शिवण शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, आणि चाळिशी उलटली तरी आजारपणाची रजा त्यांनी कधी घेतली नव्हती.

मी मुलांच्या एका इस्पितळात, प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे सोसले गावाकडची आठ वर्षांची एक मुलगी आली. महिनोन्‌महिने जुलाब, त्यात रक्त. औषधांनी आतड्यातले वाईट जंतू मेले, त्यांच्याबरोबर चांगलेही मेले, आणि परत आले ते फक्त वाईट. अंगावर नुसती कातडी उरली होती. डॉक्टरांनी ठरवलं, निरोगी माणसाची विष्ठा गाळून नळीतून तिच्या आतड्यात सोडायची, म्हणजे चांगले जंतू पुन्हा रुजतील. विष्ठा देण्यासाठीच्या तपासणीत तिचे आईवडील बसले नाहीत. मला एकच पोट आठवलं.

विचारताना माझी जीभ अडखळली. अक्का आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी एवढी वर्षं रोज वायाच घालवलं म्हण की! पोर वाचेल ना? मग आयतु, झालं तर!”

सगळ्या तपासण्यांत त्या पास झाल्या. ठरलेल्या सकाळी घट्ट झाकणाचा डबा कापडी पिशवीत घालून रिक्षानं यायच्या. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, “एनम्मा, टिफिना?” अक्का गंभीरपणे म्हणाल्या, “औषध.” मला हे सांगताना मात्र हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

डोस बरेच द्यायचे होते. तेवढे महिने त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवरची गोबी मंचुरी सोडली. मधेच दाढ दुखायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, वाचवायची तर अँटिबायोटिकचा कोर्स घ्या, नाहीतर काढू. अक्कांनी दाढ काढून टाकली.

“अहो अक्का, चांगली दाढ होती!”

“नोडु, तूच बघ, गोळ्यांनी माझे जंतू मेले तर ती पोर कुठं जाणार?” सुजलेल्या गालानं त्या म्हणाल्या.

ती पोर कोण, हे त्यांना सांगायचं नाही असा नियम होता. दर खेपेला त्या विचारायच्या, “उंच आहे का गं? केस लांब आहेत?” मी नुसती नकाराची मान हलवायची. “बरं, राहू दे,” म्हणून त्या रिकाम्या पिशवीची घडी घालत बसायच्या. घडी घालून झाली तरी उठायच्या नाहीत.

हळूहळू मुलीचं रक्त थांबलं. गाल भरले. एका सकाळी ती आईबरोबर तपासून घ्यायला आली, आणि अक्काही त्यांच्या शेवटच्या तपासणीसाठी आल्या. आई चिठ्ठीच्या रांगेत होती. व्हरांड्यातल्या एकाच बाकावर दोघी शेजारी शेजारी. मुलगी इडली खात होती. तिच्या हनुवटीवर चटणी लागली, अक्कांनी ती पदरानं पुसली. कन्नडमध्ये दोघींचं काहीतरी चाललं होतं, दोघी हसत होत्या. मी काचेच्या दाराआड उभी होते.

तपासणी उरकून अक्का माझ्याकडे आल्या. “केवढी गोड पोर गं! दोन इडल्या खाऊन तिसरी मागत होती.” मग आवाज उतरला. “आपली पोरही एक दिवस अशी खाईल का गं?”

“खाईल, अक्का,” मी म्हणाले.

वर्षभरात अक्का गेल्या. शाळेतून घरी आल्या, खुर्चीत बसल्या, आणि उठल्याच नाहीत.

नियम मी पाळला, तो बरोबरही होता. तरी ‘तीच ती’ एवढेच दोन शब्द इतकी वर्षं माझ्या तोंडात राहून गेलेत. डोळे मिटले की अजून तीच सकाळ दिसते. मुलगी बाकावर उभी राहून हात हलवते आहे, आणि अक्का फाटकाबाहेर, तिच्याकडे पाठ करून, रिक्षा थांबवताहेत.