जाडा टाइप

रॉकेल, वाळलेली शाई आणि शिशाचा थंडसर वास. जव्हारच्या आमच्या छापखान्यातली खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, शेवटची पेटी उघडली, की वडिलांची सगळी हयात क्षणभर त्या वासात उभी राहते. यंत्र केव्हाच विकलं गेलं. त्या जागी मी संगणकावर पत्रिका नि फलक करतो. जाड्या टाइपची ही पेटी मात्र कुणाला देववली नाही. बोरूच्या तिरक्या टोकातून उतरावीत तशी ती अक्षरं, उभ्या दांड्याला भरदार, वळणावर निमुळती, शिरोरेषेखाली पाय रोवून उभी. जत्रेचा फलक, बाजाराची सूचना, पत्रिकेतलं वधूवरांचं नाव, जिथे शब्द लांबून ओळखू यायला हवा तिथे वडील तीच काढत.

गेल्या पौषात, कोवळं ऊन उंबऱ्याशी रेंगाळत असताना, साखरशेतकडच्या एका पाड्यावरच्या यमुनाताई दुकानात आल्या. नुकत्याच सरपंच झालेल्या. अक्षरओळख चाळिशीनंतर, प्रौढवर्गातल्या मोठ्या तक्त्यांवर झालेली. प्रजासत्ताकदिनी वाचायचं भाषण कुणीतरी बारीक, एकसारख्या रेघांच्या अक्षरांत करून दिलं होतं.

“दादा, या अक्षरांना अंगच नाय. मना सगळी सारखीच दिसतात,” त्या म्हणाल्या. “घरचा माणूस बोलतो, ‘मी वाचतो, तू नुसती उभी ऱ्हा.’”

मी पेटीतून त्यांचं नाव जुळवलं, शाई लावली आणि कागदावर दाबलं. ओल्या अक्षरांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“ही ओळखतात मना.”

मग सगळं भाषणच त्या अक्षरांत जुळवायला घेतलं. पण खिळे थोडेच उरले होते. लांबलचक सरकारी शब्द त्यांत मावेनात. ‘पाणीपुरवठा योजनेची प्रभावी अंमलबजावणी’ म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं.

“नळाला पाणी आणीन,” त्या म्हणाल्या.

तेच जुळवलं. दुपार कलेपर्यंत भाषणाच्या नऊ ओळी उरल्या, आणि त्या नऊही त्यांच्या तोंडच्या.

झेंडावंदनाला मी मुद्दाम गेलो. शाळेच्या पटांगणात धुकं विरत होतं. तिसऱ्या ओळीवर यमुनाताई अडल्या. शेजारून त्यांच्या नवऱ्याने कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी कागद छातीशी ओढला, अक्षरांखाली बोट ठेवलं, आणि एकेक अक्षर सोडवत वाचलं, “नळाला पाणी आणीन.”

“कवा?” मागून एका म्हातारीने विचारलं.

कागदावर त्याचं उत्तर नव्हतं. यमुनाताईंनी मान वर केली. “होळीच्या आत.”

होळीपर्यंत पाणी अर्ध्या पाड्यात पोचलं; उरलेल्या अर्ध्यासाठी त्या अजून जीपने तालुक्याला खेपा घालतात. रस्त्यात दिसल्या की हात करतात, थांबत नाहीत. दुसऱ्यांचे शब्द छापण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ते शब्द पुढे कुणाला तरी पाळावे लागतात, हे मात्र त्या सकाळपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.