जिंजीची दहा मिनिटं

मंडळी, तुमच्याही घरी दरवर्षी तेच खोटं सांगणारं कुणी होतं का?

लहानपणी तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या क्वार्टर्समधली आम्ही मराठी कुटुंबं व्हॅन करून जिंजीच्या किल्ल्यावर जायचो. चढताना आम्ही पोरं रडकुंडीला आलो की बाबा म्हणायचे, "आलंच, अजून दहा मिनिटं." ती कधी संपायची नाहीत. वर पोचलो की ते तिथली माती आमच्या कपाळाला लावायचे.

आज लेकीला घेऊन आम्ही पुन्हा गेलो. गुडघ्यांमुळे बाबा खालीच चिंचेखाली बसले. अर्ध्या वाटेत लेकीने तमिळमध्ये विचारलं, "अप्पा, इन्नुम एव्वळो दूरम?" अजून किती लांब? मीही धापा टाकत होतो, पण तोंडून आपसूक निघालं, "आलंच, अजून दहा मिनिटं."

माथ्यावर मी तिच्या कपाळाला माती लावली. थोडी मुठीत धरून खाली आणायला मात्र तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने ती आजोबांच्या कपाळाला लावली.

तीन तास एकटे बसलेले बाबा डोळे पुसत म्हणाले, "आलात की दहा मिनिटांत."