पालथा जावई

मॉनिटर उचलताना माझ्या कण्यातली चकती सरकली, यात मॉनिटरचा काहीही दोष नव्हता.

घरी कॉम्प्युटर असणं म्हणजे दारात हत्ती असण्याचा तो काळ. (वजनही साधारण तेवढंच!) मी नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. रिक्षातून मॉनिटरचं खोकं उतरवताना माझे सासरे, अण्णा, म्हणाले, "थांबा, दोघं धरू. आणि कमरेत नका वाकू, गुडघ्यात वाका."

"अण्णा, कॉम्प्युटर हे आमचं क्षेत्र आहे!" असं म्हणून मी वाकलो. आणि तसाच राहिलो!

डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. बायकोला रजा मिळेना, म्हणून अण्णा रोज कात्रजहून बस बदलत विश्रांतवाडीला यायचे आणि मला धरून रिक्षात घालायचे. वाटेत प्रत्येक खड्ड्याआधी "खड्डा!" असं ओरडायचे. (पुण्यात म्हणजे अखंड.)

एके दिवशी फिजिओथेरपिस्टने मला पालथं झोपवलं, कमरेला मशीनच्या वायरी चिकटवल्या आणि वर शेकाची पिशवी ठेवली. तोंड टेबलाच्या भोकात. दिसत होती फक्त एक फरशी! जरा वेळाने पावलं वाजली. कुणीतरी पिशवी सारखी केली.

"डॉक्टर, हे नेमकं झालं कसं, सांगू?" मी म्हणालो. भोकातून माणूस फार मोकळा बोलतो.

"हं."

"सासऱ्यांमुळे! मॉनिटर दोघांनी धरला होता. त्यांनी मध्येच सोडला!"

"हं?"

"तर काय! आणि आता रोज बरोबर येतात. आजारी मी, पण लोक कौतुक त्यांचं करतात! शिवाय ते 'खड्डा, खड्डा'! डॉक्टर, एक वेळ कंबर राहू द्या, पण सासरे आवरा!"

पिशवी पुन्हा हळूच सारखी झाली.

तेवढ्यात दारातून फिजिओथेरपिस्टचा आवाज आला, "सॉरी हं अण्णा, फोन जरा लांबला. पिशवी फार गरम नाही ना लागत त्यांना?"

"पिशवीचं माहीत नाही," माझ्या डोक्यावरून अण्णा म्हणाले, "पण स्वतः बरेच तापलेत."

मी ताडकन उठायला गेलो. कमरेत अशी कळ आली, की अर्धा टेबलावर आणि अर्धा हवेत, वायरींसकट लटकलो! दोघांनी मला उचलून खुर्चीत ठेवलं. मग अण्णा खाली वाकले (गुडघ्यात!), माझ्या पायांत मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या, तर तिथेच बरा झालो असतो!

रिक्षात बसलो. खड्डे एकामागून एक, पूर्वसूचनेशिवाय आले. मी मान खाली घालून बसलो होतो.

"अण्णा, मघाशी मी जे..."

"जावईबापू, मान वर करा."

मला एकदम भरूनच आलं. "खरंच, अण्णा?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. पोक काढून बसायचं नाही."

मग काय! घर येईपर्यंत मी ताठ मानेने शरमत बसलो.