सहावर अडकणारं चाक

स्नेहल किशोर ढमाले, वय चौतीस, राहणार उरवडे. पद : नोंद मदतनीस, पंप चाचणी विभाग. कर्तव्ये : काट्यावरचे आकडे वहीत उतरवणे व तेच आकडे संगणकात भरणे. आलेखाबाबत मत देणे सदर पदाच्या कक्षेत येत नाही.

कक्षेत न येणारं हे मत स्नेहलकडे भरपूर होतं. तिच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या अनिमेषने तिला एक्सेलमध्ये एक अ‍ॅड-इन बसवून दिलं होतं. सुटे ठिपके दिले की ते त्यांतून गुळगुळीत रेषा काढायचं, आणि जिथे मोजलंच नाही तिथलाही आकडा सांगायचं. सासूबाई चंद्राबाईंना हे पटलं नाही.

"न मोजता सांगतंय व्हय? मग तुला कशाला ठिवलीय?"

प्रश्न चोख होता.

अ‍ॅड-इनमध्ये रेषा दोन प्रकारच्या होत्या. एक मोकळेपणी वळणारी, दिसायला देखणी. दुसरी ठिपक्यांच्या मर्यादेत राहणारी, जरा अंगचोर. स्नेहलने दुसरी सुचवली. व्यवस्थापक जनार्दनसाहेबांनी देखणी निवडली. "रिपोर्ट गिऱ्हाइकाला जायचाय, बाई."

गिऱ्हाइकाकडून निरीक्षक निषाद आले आणि रिपोर्ट पाहून थबकले. सेकंदाला चार ते दहा लिटरच्या मध्ये रेषेला टेंगूळ आलं होतं. म्हणजे पाणी वाढेल तसा तिथे दाबही वाढत होता. असा पंप कधी स्थिर चालत नाही.

"चाळीसच्या चाळीस पंप नापास," ते शांतपणे म्हणाले.

जनार्दनसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

"टेंगूळ पंपाला नाही साहेब, रेषेला आहे," स्नेहल म्हणाली. "चार लिटरच्या नोंदीला काटा केसभर वर थरथरला. तेवढ्यावर हिनं डोंगर उभा केला. पुढं दहापर्यंत तिला अडवायला ठिपकाच नाही."

"का नाही?"

सगळ्यांनी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या नथूकडे पाहिलं.

"सहाला चाक अडकतंय," नथू म्हणाला. "आठ वर्सं झाली. आमी थेट दहावरच जातो."

"मग आज सहाला थांबा," निषाद म्हणाले.

टेंगूळ खरं निघालं, तर चाळीस पंप नापास आणि आपण गेटाबाहेर, हे स्नेहलला कळत होतं. देखणी रेषा सहाला बत्तीस मीटर दाब, म्हणजे पाणी तेवढं उंच चढेल, असं सांगत होती. तिने अंगचोर रेषेवरून तिथला आकडा काढला, कागदावर ३०.६ लिहून घडी घातली आणि निषादांच्या हातात दिली.

नथूने चाकात पाइपाचा तुकडा अडकवून जोर लावला.

"बेतानं, नथूकाका."

"मी बेतानंच हाय. त्या चाकाला सांग."

चाक कुरकुरलं आणि सुटलं. प्रवाह सहावर आला. दाबाचा काटा थरथरत खाली उतरला आणि साडेतीसवर थांबला.

निषादांनी घडी उलगडली. काटा पाहिला, पुन्हा कागद पाहिला. "कोणती रेषा खरी, हे कसं ठरवलंत?"

"अकरा वर्षं काटा बघतेय, साहेब. आमचा पंप कसा उतरतो ते मला माहीत आहे."

संध्याकाळी चंद्राबाई शेजारणीला सांगत होत्या, "न मोजता सांगितलं तिनं. आन मग मोजून दाखवलं."

चाळीस पंप त्याच आठवड्यात गिऱ्हाइकाकडे गेले. रिपोर्टवर सही जनार्दनसाहेबांची आहे. रेषा कोणती घ्यायची ते स्नेहल ठरवते.