वॉशरबाईंच्या पंचवीस सह्या

आमच्या वहिनींना सगळा भाग वॉशरबाई म्हणतो. नळ गळतोय म्हणून बोलावलं की बाकीचे प्लंबर आधी नवा नळ आणायला सांगतात. वहिनी आधी वॉशर बदलून बघतात आणि दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागतं. हे काम त्यांना माझ्या थोरल्या भावानं शिकवलं. तो गेल्याला सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि तेव्हापासून पान्यांची पिशवी स्कूटरला अडकवून वहिनी एकट्याच फिरतात. मी त्यांचा धाकटा दीर, सडाफटिंग, वरच्या मजल्यावर राहतो. जन्मभर शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, त्यामुळे छापील फॉर्म दिसला की माझे हात शिवशिवतात.

यंदा वहिनींनी नगरसेवकपदासाठी उभं राहायचं ठरवलं. चढावरच्या गल्लीला दिवसाला जेमतेम चाळीस मिनिटं पाणी येतं. त्यासाठी त्यांनी आमच्या नगरसेवकांना अकरा अर्ज दिले आणि अकरा वेळा ‘बघतो’ हे उत्तर ऐकलं. हे गृहस्थ तीनदा निवडून आलेले, शिवाय दर शनिवारी माझ्याबरोबर पत्ते खेळणारे. वहिनींचं म्हणणं असं की त्यांना व्हॉल्व्ह कुठं आहे तेच माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, तेव्हा आपणच गेलेलं बरं. नाकापेक्षा मोती जड होईल, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी नियमांची पुस्तिका माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, हे तुम्ही वाचा, नळांचं मी बघते.

मी ती तीनदा वाचली. वय एकवीस पूर्ण हवं, शहराच्या मतदारयादीत नाव हवं, प्रभागात वर्षभर वास्तव्य हवं, कराची थकबाकी नको. इथवर सगळं ठीक होतं. पुढं लिहिलं होतं की शहराच्या कचेरीचं कुठलंही कंत्राट उमेदवाराकडं नसावं. वहिनींकडं त्याच कचेरीच्या दोन शाळांच्या नळांचं काम होतं, वर्षभराची हक्काची कमाई. मला वाटलं, आता तरी गाडी अडेल. त्यांनी दुसऱ्या दिवशी ते काम लेखी सोडून दिलं आणि पोचपावती माझ्या हातात ठेवली. प्रतिज्ञापत्रात मालमत्तेच्या रकान्यात त्यांनी पिशवीतले सतरा पाने मापासकट लिहिले होते. एवढं नसतं लिहायचं, असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, पाने माझेच आहेत ना, मग लपवू कशाला.

शेवटची अट सह्यांची होती. प्रभागातल्या पंचवीस मतदारांनी सूचक म्हणून सही करायची, आणि एका मतदारानं एकाच उमेदवारासाठी. सह्या वहिनी स्वतः गोळा करणार होत्या आणि घरच्या माणसाची सही त्यांना नको होती. लोक म्हणतील, दिरालाच धरून आणलं. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. का, ते पुढं येईलच.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता आम्ही निवडणूक कचेरीत पोचलो. दुपारी तीनला दार बंद होणार होतं. वहिनींकडं पंचवीसऐवजी तीस सह्या होत्या आणि चालण्यात तसा रुबाबही होता. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी एकेक नाव यादीशी ताडलं, नऊ नावांवर पेन्सिलीनं खूण केली आणि सांगितलं की ही माणसं या प्रभागातली नाहीत.

वहिनींचा विश्वासच बसेना. त्या नकाशावर वाकल्या आणि मग चूक कळली. वहिनींच्या लेखी आपला भाग म्हणजे एका व्हॉल्व्हवरची घरं. पाइप जिथवर जातो तिथवर शेजार. पण प्रभागाची हद्द छापखान्याच्या रस्त्याच्या बरोबर मधून जात होती आणि पाइप रस्त्याखालून पलीकडं गेला होता. पलीकडच्या नऊ घरांनी वर्षानुवर्षं वॉशरबाईंच्या हातचं पाणी प्यायलं होतं, मतं मात्र दुसरीकडं दिली होती. आणि मी, फॉर्मातला एकेक स्वल्पविराम तपासणारा उंटावरचा शहाणा, पत्त्यांकडं बघितलंच नव्हतं.

एकवीस सह्या उरल्या, चार हव्या होत्या. “तुम्ही जागा धरा,” एवढं म्हणून वहिनी स्कूटरवरून निघून गेल्या. भरदुपारी कामाच्या दिवशी कोण घरी सापडणार? शिवाय जायला अर्धा तास आणि यायला अर्धा. मी फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसलो आणि भिंतीवरचं घड्याळ बघत राहिलो.

त्या परतल्या तेव्हा तीनला वीस मिनिटं होती. तीन सह्या मिळाल्या होत्या. त्यांनी पेन माझ्यापुढं धरलं आणि म्हणाल्या की घरची नको म्हटलं होतं, पण आता तुम्हीच करा.

माझा हात पुढं होईना.

“वहिनी, मी नगरसेवकांच्या अर्जावर सही केली आहे,” मी म्हणालो.

“कधी?”

“पंधरा दिवसांपूर्वी. पत्ते खेळताना त्यांनी कागद पुढं केला. मला नाही म्हणता आलं नाही.”

तेव्हा वहिनींचं ठरून आठवडा झाला होता, हे त्यांना मोजायला लागलं नाही. लाज काय असते ते मला त्या बाकावर कळलं. पण नियम मला पाठ होता, तोही सांगून टाकला. एकाच माणसाची सही दोन अर्जांवर सापडली तर आधी दाखल झालेल्या अर्जावरची धरतात. आणि नगरसेवक अजून आले नव्हते.

“म्हणजे आता तुमच्यावर आहे,” वहिनी म्हणाल्या. “मी आग्रह करणार नाही, भाऊजी. सही तुमची आहे.”

मी पेन घेतलं आणि सही केली. अर्ज दाखल झाला, शिक्का बसला.

तीनला दहा मिनिटं असताना नगरसेवक ड्रायव्हरला घेऊन आले. त्यांच्या यादीत बरोबर पंचवीस नावं होती. जास्तीच्या सह्या घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. त्यांनी मान म्हणून पंचवीस माणसं निवडली होती. मी उभा राहून त्यांना सांगितलं की माझी सही आता तुमच्या अर्जावर धरणार नाहीत. अधिकारी बाईंनी अकरावं नाव खोडलं. ड्रायव्हर दुसऱ्या प्रभागातला निघाला. नगरसेवकांनी चार फोन लावले, पण दहा मिनिटांत पोचेल असं कुणी नव्हतं. आमच्या पाण्याची ज्यांना कधी फिकीर नव्हती त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं.

प्रभागात तिसरा उमेदवारच नव्हता. बिनविरोध, मी वहिनींच्या कानात म्हणालो. पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या टेबलाशी गेल्या आणि उमेदवाराला दुसऱ्याच्या अर्जावर सही करता येते का, असं विचारलं. अधिकारी बाईंनी पुस्तिका दोनदा चाळली. स्वतःच्या अर्जावर चालत नाही, दुसऱ्याच्या अर्जाला मनाई कुठं लिहिलेली नाही, असं त्यांनी सांगितलं.

“वहिनी, अहो, हातचं घालवताय,” मी म्हणालो.

“मी निवडून यायला आलेय, भाऊजी. समोर कुणी उरलं नाही म्हणून खुर्चीत बसायला नाही. उद्या गल्लीत काय सांगू, तुमच्या मतानं आले की घड्याळाच्या काट्यानं?”

त्यांनी नगरसेवकांच्या अर्जावर पंचविसावी सही केली. यादीतला आपला क्रमांकही नीट लिहिला.

नगरसेवकांनी ती सही दोनदा वाचली. शेवटी हळू आवाजात म्हणाले, “आणि बाई, मीच निवडून आलो तर?”

“तर तुमच्या अर्जावर माझी सही आहे. पाण्यासाठी रोज तुमच्या दारात येईन, आणि तुम्हाला ‘बघतो’ म्हणता येणार नाही.”

पुढच्या शनिवारी मी पत्ते खेळायला गेलो नाही. वहिनींची पत्रकं घेऊन चढावरच्या गल्लीत गेलो. पहिल्याच घरातल्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं आणि विचारलं, तुम्ही तर नगरसेवकांच्या बैठकीतले ना, मग आता कुणाकडून?

“वॉशरबाईंकडून,” मी म्हणालो, आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं.