साडूचं गॉल्वे

माझ्या साडूला आयर्लंडात एक पत्रमित्र होता आणि त्यामुळे ठाण्यात मला जेवण गोड लागत नव्हतं.

साडू म्हणजे डोंबिवलीचे वसंतराव. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. पत्रमित्र तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉल्वे नावाच्या परगण्यात शाळामास्तर होता. दर सणाला वसंतराव त्याचं पत्र आणायचे आणि फराळाबरोबर वाचायचे. तिथे म्हणे अजून जुनी आयरिश भाषा बोलतात. एकदा बटाटा कुजला तेव्हा माणसं उपाशी मेली आणि धान्य मात्र बोटीतून बाहेर गेलं! ऐकून आमची ही डोळे पुसायची. (माझं बोलणं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते फक्त जांभईचं.)

"भावोजींना किती माहिती! नाहीतर तुम्ही! कळव्यापलीकडे पृथ्वीच संपते तुमची!"

मी जळून खाक झालो. हिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "वा!" ऐकायचंच!

दिवाळीत मुलांना किल्ला करायचा होता. मी जाहीर केलं, "यंदा रायगड नाही. यंदा गॉल्वे!"

"बाबा, तिथे किल्ला आहे?" धाकटी रडवेली झाली.

"आहे तर! बेटावर, कड्याच्या टोकाशी, दगडी, फार पुरातन!" (ग्रंथालयात तीन संध्याकाळी घालवल्या होत्या.)

अंगणात चिखलाचे डोंगर उभे राहिले. मोठा खड्डा खणून पंचवीस घागरी समुद्र ओतला, त्यात तीन बेटं केली, कागदाच्या होड्या आणि मासे सोडले. तिथे दलदलीची माती कापून, वाळवून चुलीत घालतात, म्हणून गोवऱ्यांचे तुकडे रचले. शेजारची हिराबाय कोळीण म्हणाली, "होड्या, मासली, वर गोवऱ्या! यो त आमचाच गाव हाय!"

तेवढ्यात मुलांनी बेटावरच्या किल्ल्यात महाराज बसवले. मी उचलायला गेलो.

"इंग्रज तिथं बी होता ना?" हिराबाय म्हणाली. "मंग ऱ्हाऊ द्या महाराजांना!"

पाडव्याला वसंतराव नवंकोरं धोतर नेसून आले. मी छडी घेऊन भूगोल सांगितला, इतिहास सांगितला. ही चक्क कौतुकाने बघत होती! "वा" ओठांवर आलाच होता.

"उत्तम," वसंतराव म्हणाले. "फक्त समुद्र पूर्वेला कसा?"

संपलं! ठाणेकराचं पाणी उगवतीला. जन्मापासून खाडी तिकडेच पाहिलेली, हात आपोआप तिकडेच खणत गेला.

"अहो, गॉल्वेला समुद्र पश्चिमेला," ही म्हणाली. हिलासुद्धा ठाऊक!

"आत्ता फिरवतो!" मी फावडं उचललं आणि पाट काढायला लागलो.

"अहो, उतार घराकडे आहे!"

"मला भूगोल शिकवू नकोस!"

बांध फुटला. समुद्र ओसरीवर चढला. रांगोळी गेली, चपला तरंगल्या, खाली मांडलेल्या करंज्या बुडाल्या आणि वसंतरावांचं धोतर गुडघ्यापर्यंत गॉल्वेच्या रंगाचं झालं. मी अडवायला धावलो आणि घसरून डोंगरांवर आडवा झालो. उठलो तेव्हा परगणा सपाट होता. ही डोळे पुसत होती, हसून हसून!

संक्रांतीला वसंतरावांनी नवं पत्र वाचलं. "तुमच्या साडूंची हकिकत वर्गात सांगितली. मुलं हसून लोळली. त्यांचं म्हणणं, त्या गृहस्थांना इकडे पाठवू नका. आमच्याकडे हे एकच गॉल्वे आहे."

"वा!" ही म्हणाली. "परदेशात नाव झालं हो तुमचं!"

मी पत्र ओढून घेतलं, तीनदा वाचलं. नाव कुठेच नव्हतं. आख्खा परगणा बुडवला मी, आणि तिथेही माझी ओळख एवढीच: वसंतरावांचा साडू!